आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा सराव सामन्यातच धुव्वा उडाला, तर सीझन गेला असं समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की यंदाच एम.एस.साठी अमेरिकेत आलात. ऑगस्टमधल्या खुल्या सराव सामन्यात तुमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या ऑफेन्सला (बॉल घेऊन पुढे सरकणाऱ्या अकरा जणांना) त्यांच्याच डिफेन्सने (अडवणाऱ्या अकरा जणांनी) ३८-१० असं धुतलं, आणि तेव्हापासून लॅबमधली मंडळी सुतक असल्यासारखी वागताहेत. सीझन खरंच गेला का आणि विद्यार्थ्यांचं सीझन तिकीट काढावं का, असं तुम्ही विचारलंय.

सीझन गेलेला नाही. त्या ३८-१० वरून टीम चांगली की वाईट हे तिच्या कोचलाही सांगता यायचं नाही. मी कोलंबसला राहते, इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या टीमसाठी जीव टाकते, त्यामुळे ऑगस्टमध्ये जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला नीट ठाऊक आहे.

आपल्याकडे सराव सामना म्हटलं की समोर दुसरा संघ असतो. इथे वरच्या पातळीवरच्या कॉलेज फुटबॉलमध्ये सीझनआधी टीम आपसांतच खेळत आली आहे. २०२५ च्या वसंतात कोलोरॅडोचे कोच डिऑन सँडर्स आणि सिराक्यूजचे फ्रॅन ब्राउन यांना दोन्ही टीम्सचा एकत्र सराव हवा होता. कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएने परवानगी दिली नाही. म्हणजे तुमच्या ऑफेन्सला ज्यांनी धुतलं, तेही तुमचेच. सप्टेंबरात हेच अकरा जण दुसऱ्यांच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, मागे लागणार आहेत. बातमीचा हा अर्धा भाग चांगला आहे, पण तो कोणी बोलून दाखवत नाही. हरलेली बाजूच मनात घर करून बसते.

गुण कसे दिले तेही पाहा. अशा सामन्यात डिफेन्सलाही गुण मिळावेत म्हणून कॉलेजं आपापले नियम करतात. समोरच्यांना तीन प्रयत्नांत थोपवलं की गुण, बॉल हिसकावला की गुण. शिवाय क्वार्टरबॅकच्या अंगात वेगळ्या रंगाची जर्सी असते. याला पाडायचं नाही, असा तिचा अर्थ. समोरून एखादा धिप्पाड गडी येतो, नुसता हात लावतो, शिट्टी वाजते आणि तो प्ले, म्हणजे ती चाल, तिथेच संपतो. खऱ्या सामन्यात तोच पोरगा त्या हाताखालून निसटून वीस यार्ड पळाला असता, इथे मात्र त्याच्या नावावर सॅक, म्हणजे बॉलसकट पाडलं गेल्याची नोंद, लागतो. ज्याची खरी ताकद पायांत आहे असा क्वार्टरबॅक या दिवशी हमखास फिका पडतो.

त्यात ऑफेन्सने काय काय झाकून ठेवलं असेल, तेही धरा. खुल्या सामन्यात पहिल्या प्रतिस्पर्ध्याची माणसं डोळ्यांत तेल घालून बघत असतात, म्हणून कोच दोन-चार साधे प्ले सोडून काही बाहेर काढत नाही. आणि समोरच्या डिफेन्सने तेच साधे प्ले गेले कित्येक दिवस रोज पाहिलेले असतात. कोण कुठे सरकला की पुढे काय होणार, हे त्यांना झोपेतही सांगता येईल. ऑगस्टमध्ये डिफेन्स पुढे असतो हा इथला जुना अनुभव आहे. धावून पाडायला फार जुळवाजुळव लागत नाही. ऑफेन्समध्ये मात्र अकरा जणांची वेळ एकत्र जमावी लागते.

क्रिकेटमधलं एक उदाहरण देते. २०१८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात कसोट्यांच्या आधी सिडनीला सराव सामना झाला. क्रिकेट ऑस्ट्रेलिया इलेव्हनच्या पोरांनी आपल्याविरुद्ध ५४४ धावा कुटल्या, शेवटी विराट कोहलीने स्वतः बॉल हातात घेतला. तेव्हाही आपल्याकडे गोलंदाजांच्या नावाने बोटं मोडली गेली. पुढे तीच मालिका भारताने २-१ ने जिंकली, ऑस्ट्रेलियातली पहिलीच. पण त्या सराव सामन्यात एक गोष्ट खरंच घडली होती. सीमारेषेवर झेल घेताना पृथ्वी शॉचा घोटा दुखावला आणि तो अख्ख्या मालिकेला मुकला. धावांचा डोंगर कोणाच्या लक्षातही राहिला नाही, घोट्याने मात्र संघ बदलला.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये याची उलटी बाजू दिसते. डेट्रॉईट लायन्सनी २००८ मध्ये सीझनआधीचे चारही सामने जिंकले आणि मग खरे सोळाच्या सोळा हरले. २०१७ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सचं तंतोतंत तेच झालं.

पण सराव सामन्याला कधीच अर्थ नसतो असंही मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. २०२२ मध्ये लुइव्हिलची बास्केटबॉल टीम सरावाच्या लढतीत लेनॉर-राइन या खालच्या विभागातल्या छोट्या कॉलेजकडून ५७-४७ ने हरली. ते चाहते घाबरले ते बरोबरच होतं, त्या सीझनला टीमने ४ सामने जिंकले आणि २८ गमावले. तिथे समोर परका संघ होता, नियम खरे होते आणि टीमला बास्केटच करता येत नव्हते. तरी याच खेळात सिराक्यूज २००९ मध्ये आपल्याच गावातल्या ल मॉइनकडून ८२-७९ ने हरलं आणि पुढे ३० सामने जिंकून गेलं. तुमच्या बाबतीत तर परका संघच नव्हता.

आता तुमच्या लॅबमधल्यांबद्दल. त्यांना हसू नका. नेहमीचा सीझन बारा सामन्यांचा असतो. जानेवारीत सगळं संपतं आणि मग सप्टेंबरपर्यंत माणसं आसुसलेली असतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये ओहायो स्टेटचा आपसांतला सामना बघायला १,००,१८९ लोक आले होते, यावरून भूक किती असते ते कळेल. त्यात २०१३ पर्यंत राष्ट्रीय विजेतेपदासाठी फक्त दोन टीम्स निवडल्या जायच्या. सप्टेंबरातल्या एका पराभवाने वर्ष मातीमोल व्हायचं. आता प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीत, बारा टीम्स येतात, पण ती जुनी धास्ती अंगात मुरलेली आहे. ज्यांचे आई-वडीलही याच कॉलेजचे, त्यांना ती घरातून मिळते. तुमच्या सहकाऱ्याने सराव सामन्यानंतर जेवण टाकलं असेल तर ते खरं दुःख आहे.

आमचं २०१४ सांगते. ऑगस्टच्या सरावात क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा पुन्हा गेला. आम्ही खेळतो त्या बिग टेन या विद्यापीठांच्या गटाचा सलग दोन वर्षं ऑफेन्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला पोरगा, एकही सामना न खेळता सीझनमधून बाहेर. त्यात क्वार्टरबॅकला सांभाळणाऱ्या पुढच्या पाचांपैकी चार नवे. दुसऱ्याच सामन्यात व्हर्जिनिया टेकने घरच्या मैदानावर येऊन ३५-२१ ने हरवलं. मिलरच्या जागी आलेल्या नवख्या जे. टी. बॅरेटला सात वेळा पाडलं, त्याचे तीन पास मधल्यामध्ये पकडले. व्हर्जिनिया टेकचे गडी चेंडूसमोर दाटीवाटीने उभे राहायचे आणि आमच्या पाचांना कोणी कोणाला अडवायचं तेच कळत नव्हतं. त्या रात्री इथे ज्याच्या त्याच्या तोंडी ‘सीझन संपला’ होतं.

त्या पाचांची भट्टी जमायला ऑक्टोबर उजाडला. नोव्हेंबरअखेर बॅरेटचाही घोटा मोडला, तिसरा क्वार्टरबॅक कार्डेल जोन्स उभा राहिला आणि विस्कॉन्सिनला ५९-० ने चिरडलं. मग अलाबामा ४२-३५, मग ओरेगॉन ४२-२०. पहिल्यावहिल्या प्लेऑफचे विजेते आम्ही. तेच पाच जण होते, सप्टेंबरात ज्यांच्या नावाने आम्ही शिव्या घातल्या ते.

म्हणून सराव सामन्याबद्दल लॅबमध्ये विचारायचंच असेल तर स्कोअर सोडा आणि हे विचारा: कोणी लंगडत बाहेर गेलं का? पुढच्या पाचांत पहिल्या फळीचे किती जण प्रत्यक्ष खेळले, की निम्मे कडेला टोपी घालून उभे होते? स्नॅप, म्हणजे प्ले सुरू करताना मागे दिलेला बॉल, हातातून सुटत होता का? प्ले सुरू व्हायच्या आधीच कोणी हलल्यामुळे पेनल्टी किती लागल्या? शेवटच्या दोन गोष्टींची उत्तरं वाईट आली तर मीही थोडी काळजी करेन, कारण त्यात लपवाछपवी नसते आणि डिफेन्सच्या ताकदीचाही संबंध नसतो. बाकी अडतीस काय आणि अठ्ठेचाळीस काय, सोडून द्या.

तिकीट जरूर काढा. विद्यार्थ्यांना ते स्वस्तात मिळतं, शिक्षण संपलं की ती सवलत गेली. जागा निवडता येत असेल तर पहिल्या सामन्याला गोलपोस्टच्या मागे, जरा वरच्या रांगेत बसा. टीव्हीवर मैदान आडवं दिसतं, तिथून मात्र पाच जणांच्या मधल्या फटी सरळ दिसतात. पहिला क्वार्टर बॉलकडे बघूच नका, त्या पाचांचे पाय बघा. मागे मागे सरकताहेत की पुढे रेटताहेत, तेवढं पाहून मध्यंतरात लॅबमधल्यांना सांगा.