मुलगा हट्टी आहे म्हणून आलात, पण ताई तुम्ही झोपता का नीट?

"मॅडम, सहा वर्षांचा आहे, शाळेत मुलांना चावतो, नाही म्हटलं की हातातलं फेकतो, मी आई म्हणून कमी पडते का?" हा प्रश्न खूप आया विचारतात. त्यातल्या एका ताईंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

डायरीत रोज टीचरचा शेरा, सासूबाईंचं एकच की तूच लाडावून ठेवलंस, नवरा सेकंड शिफ्टला. मी मुलाबद्दल विचारत होते आणि त्यांचे डोळे सारखे भरून येत होते, मग मुलाचं बाजूला ठेवलं आणि त्यांचंच विचारलं तर कळलं की पहाटे तीनला जाग येते ती येतेच, जेवण नकोसं झालंय, कशातच मन लागत नाही. डिप्रेशन किती आहे हे बघायला मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न असतात, पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, त्यात सत्तावीसपैकी १७ आले, म्हणजे बरंच जास्त. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का हेही मी स्पष्ट विचारलं, विचारायलाच हवं. सायकियाट्रिस्टकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या.

घरचे म्हणाले, त्रास पोराचा आणि औषध आईला? पण २००६ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, डिप्रेशनच्या उपचारांनी तीन महिन्यांत ज्या आया बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांचे त्रासही कमी झालेले दिसले. आणि मला ते रोज दिसतं, थकलेल्या आईकडून "नाही" शेवटपर्यंत टिकत नाही हो. पोरगं किंचाळतं, ती मोबाईल देते, घर शांत होतं, पोरगं शिकतं की किंचाळलं की मिळतं आणि आई शिकते की दिलं की सुटका. यात लाड कुठे आले?

झोप सुधारल्यावर मग मुलाचं घेतलं. रोज दहा मिनिटं तो म्हणेल तो खेळ, त्यात सूचना नाहीत, प्रश्न नाहीत. चांगलं वागला की लगेच नेमकं सांगायचं, "रिमोट हातात दिलास, फेकला नाहीस, छान." रडून मागितलं तर मोबाईल नाहीच, आणि हे सासूबाईंनीही पाळायचं, म्हणून त्यांनाही एका सेशनला बोलावलं. सुरुवातीला हट्ट आणखी वाढतो, बहुतेक घरं इथेच हार मानतात, तेव्हा आईला कोणीतरी फोनवर लागतं.

आता चावणं थांबलंय, फेकाफेकी अधूनमधून होते. एका जागी बसणं अजून जमत नाही म्हणून एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा याची, तपासणी करायला सांगितलीय. ताईंच्या गोळ्या चालू आहेत, बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत हे नवऱ्यालाही सांगितलंय. तुम्हाला लगेच कुठे जाणं शक्य नसेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीतून बोला.