‘आज सोडलं, तर उद्या सगळे डोक्यावर बसतील’

गणवेशातली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती झोप लागत नाही, घरी उगाच चिडचिड होते, रक्तदाब वाढलाय असं काहीबाही सांगत. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर पडते. हाताखालच्या कुणीतरी चारचौघांत ‘करणार नाही’ असं तोंडावर सांगितलेलं असतं आणि तो प्रसंग डोक्यातून जात नसतो. सांगणारा कधी पहिल्याच नेमणुकीवरचा लेफ्टनंट असतो आणि त्याला उलटून बोललेल्या हवालदाराची नोकरीच जवळपास याच्या वयाएवढी झालेली असते. कधी तो चांगला मुरलेला अधिकारीही असतो. काळजी मात्र सगळ्यांची एकच: आज सोडलं, तर उद्या सगळे डोक्यावर बसतील.

या लेखातले मेजर अशांपैकीच एक. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

संध्याकाळच्या फॉलिनमध्ये, म्हणजे जवान रांगेत हजर होतात तेव्हा, त्यांनी एका जवानाला रात्रीच्या गार्ड ड्यूटीवर जायला सांगितलं. तो जागचा हलला नाही. “मी जाणार नाही, साहेब,” एवढंच म्हणाला. मेजर ओरडले. तो गप्प. ते हात उगारून पुढे गेले, तेव्हा हवालदार मध्ये आला म्हणून पुढचं टळलं. मग त्यांनी सगळ्या प्लाटूनला, म्हणजे त्या जवानाच्या अख्ख्या तुकडीला, पाठीवर पिठ्ठू (सामानाची जड पिशवी) लावून अंधार पडेपर्यंत पळवलं. रीतसर तक्रार झाली, वरिष्ठांपुढे पेशी झाली, जवानाला शिक्षा मिळाली आणि त्याने ती निमूटपणे भोगली.

कागदावर प्रकरण मिटलं होतं. मेजर मात्र रोज रात्री ते पहिल्यापासून जगत होते. तुकडीतही काहीतरी बिनसलं होतं. तोंडावर कुणी नाही म्हणत नव्हतं, पण सांगितलेलं काम रेंगाळायचं, सूचना अर्धवट पोचायच्या, मेजर बराकीत शिरले की हसणं थांबायचं.

“शिक्षा कमी पडली,” ते म्हणाले. “आणखी कडक करायला हवी होती.”

मी विचारलं, “तो नाही म्हणाला, त्या क्षणी तुम्ही कुणाकडे पाहिलंत?”

“त्याच्याकडे. आणखी कुणाकडे पाहणार?”

“आठवून सांगा.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. अशा वेळी मी मध्ये काही बोलत नाही. घाई केली की माणूस तयार उत्तर देऊन मोकळा होतो.

“बाकीच्यांकडे,” शेवटी ते म्हणाले. “रांगेकडे. कोण हसतंय का, ते बघितलं.”

“हसत होतं कुणी?”

“नाही.”

“मग पिठ्ठू कुणासाठी होता?”

या प्रश्नावर ते चिडले. चिडणारच होते. “मॅडम, हे लष्कर आहे. इथे हुकूम म्हणजे हुकूम. तुमचं हे समजून घेणं सीमेवर माणसं मारेल.”

मी ज्या विचारधारेत घडले तिचा पाया अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास घातला. आपल्याकडे ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. तिचं सार असं, की घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याभोवती आपण धरलेला हट्ट आपल्याला जास्त छळतो. लोकांनी माझ्याशी नीट वागावं ही इच्छा चांगली. त्यांनी तसं वागलंच पाहिजे, नाहीतर मी संपलो, हा हट्ट घातक. नागरी आयुष्यात हे समजावणं तुलनेने सोपं जातं. सैन्यात मात्र प्रत्येक हुकुमात सक्ती असतेच आणि ती असायलाच हवी. गस्तीवर असताना ‘खाली वाका’ म्हटलं की कारण न विचारता वाकावं लागतं. म्हणून फौजी माणसाला पुस्तकातलं जसंच्या तसं सांगून भागत नाही. इतक्या वर्षांच्या कामातून माझी एक समजूत पक्की झाली आहे आणि तिचा मला अभिमानही आहे: सक्ती हुकुमाला शोभते, हुकूम देणाऱ्याच्या अहंकाराला शोभत नाही. या दोन्हींची गाठ सोडवली की अधिकारी जास्त कडक होऊ शकतो, कमी नव्हे.

हे मी मेजरना कायद्याच्या आधाराने दाखवलं, कारण ती भाषा त्यांची होती. आपल्या 1950 च्या सेना अधिनियमाचं कलम 41 त्यांना पाठ होतं. मी त्यांना ते मोठ्याने म्हणायला लावलं. हुकूम कायदेशीर असावा आणि तो वरिष्ठाने आपल्या पदाचं काम करताना दिलेला असावा, असं ते कलम म्हणतं. अधिकार उघडउघड झुगारून केलेली अवज्ञा वेगळी आणि नुसता हुकूम न पाळणं वेगळं, हा फरकही त्यात आहे.

“यात तुमच्या मानापमानाबद्दल काय आहे?”

“काही नाही.”

“त्या जवानाने काय मोडलं?”

“हुकूम.”

“तो कुणाचा होता?”

“कंपनी कमांडरचा. माझ्या पदाचा.” थोडं थांबून म्हणाले, “मी नसतो, दुसरा कुणी असता, तरी तो हेच म्हणाला असता.”

आमच्या सगळ्या भेटींमधलं हे वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. ते त्यांना मी दिलेलं नव्हतं. त्यांचे खांदे सैल पडलेले मी पाहिले. इतके दिवस ते स्वतःवरच्या हल्ल्याशी लढत होते, आणि तो हल्ला त्यांच्यावर नव्हताच. गार्ड ड्यूटी नाकारली गेली होती. मग पुढचा प्रश्न त्यांनीच विचारला, जो त्या संध्याकाळी कुणीच विचारला नव्हता: “पण का नाकारली?”

हा प्रश्न विचारणं म्हणजे मवाळपणा, असं अनेकांना वाटतं. त्यांना मी पहिल्या महायुद्धातल्या, 1917 च्या फ्रेंच सैन्याबद्दल सांगते. एप्रिलमध्ये त्यांचे सरसेनापती जनरल निव्हेल यांनी शमां दे दाम इथल्या, जर्मनांच्या ताब्यातल्या टेकड्यांवर मोठा हल्ला चढवला. युद्ध संपवण्याचं आश्वासन होतं. हाती आली प्रचंड मनुष्यहानी. त्यानंतर सैन्याच्या जवळपास निम्म्या डिव्हिजनमध्ये सैनिकांनी हुकूम नाकारले. पण त्यांतल्या बहुतेकांनी खंदक सोडले नाहीत. आम्ही बचाव करू, निरर्थक हल्ल्यात मरायला जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. नवे सरसेनापती पेतां यांनी खटले चालवले, पाचशेहून अधिक जणांना मृत्युदंड सुनावले गेले, पण प्रत्यक्षात त्यांतल्या थोड्यांनाच गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वेळी पेतां तुकड्यातुकड्यांत फिरले, रजा नियमित केल्या, जेवण आणि विश्रांतीची व्यवस्था सुधारली, तसले हल्ले थांबवले. सैन्य पुन्हा उभं राहिलं. पेतां यांचं पुढचं आयुष्य वेगळ्या कारणांनी काळवंडलं, तरी या काही महिन्यांतलं त्यांचं काम शिकण्यासारखं आहे. त्यांनी शिस्त आणि गाऱ्हाणं दोन्ही एकाच वेळी हाताळली. एकाच्या बदल्यात दुसरं दिलं नाही.

आता, समोरचा ‘नाही’ म्हणतो त्या क्षणी काय करायचं ते सांगते, कारण सगळ्यांना तेच हवं असतं.

आवाज खाली आणा आणि हुकूम एकदाच, त्याचं नाव घेऊन, स्पष्ट शब्दांत पुन्हा द्या. ऐकू आलं का, समजलं का, हे विचारा. पुष्कळ वेळा दुसऱ्यांदा शांतपणे सांगितलं की माणूस वळतो, कारण त्याला मागे फिरायला जागा मिळते. नाही वळला, तर बाकीच्यांना लगेच कामाला लावा. प्रेक्षक गेले की निम्मा ताण जातो, त्याचा आणि तुमचाही. मग हवालदार किंवा सुभेदाराला साक्षीला ठेवून विचारा: जमत नाहीये की करायचं नाहीये? या एका प्रश्नाने आजारी, घाबरलेला, थकलेला आणि खरोखर बंडखोर यांच्यातला फरक पुष्कळदा कळतो.

अंगाला हात लावायचा नाही. कनिष्ठाला मारहाण करणं किंवा छळणं हा त्याच अधिनियमाच्या कलम 47 खाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मेजरच्या हवालदाराने त्या संध्याकाळी जवानाइतकंच मेजरनाही वाचवलं होतं. आणि नाही म्हणणाऱ्याच्या हातात शस्त्र असेल, तो अस्वस्थ दिसत असेल, तर शिस्तीचा मुद्दा तात्पुरता बाजूला ठेवा. अशा वेळी चारचौघांत पाणउतारा करणं जिवावर बेतू शकतं. ज्याचं तो ऐकतो अशा माणसाला बोलू द्या, शस्त्र सुरक्षितपणे बाजूला होऊ द्या, डॉक्टरांना बोलवा. बाकीचं उद्या.

शिक्षाही शक्यतो उद्याच ठरवा. रागाच्या भरात दिलेल्या धमक्या अनेकदा आपल्या अधिकाराबाहेरच्या असतात आणि मग त्या गिळाव्या लागतात. तुकडी हे बरोबर टिपते. सगळ्यांना मिळून शिक्षा तर नकोच. 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे एकाच्या कृत्यासाठी युद्धकैद्यांनाही सामूहिक शिक्षा देता येत नाही. शत्रूच्या पकडलेल्या सैनिकाला जे संरक्षण आहे, ते आपल्या माणसांना सहज मिळावं. शिवाय त्या पिठ्ठूने मेजरचं थेट नुकसान केलं होतं: फॉलिनच्या वेळी ज्यांना त्या जवानाचं वागणं चुकीचं वाटत होतं, तेही अंधार पडेपर्यंत त्याच्या बाजूला गेले.

चांगला माणूस अचानक बिघडला असेल तर आधी वैद्यकीय तपासणी करा. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट 1943 मध्ये सिसिलीत अमेरिकन जनरल पॅटन यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या दोन सैनिकांना भेकड ठरवून थपडा मारल्या. त्यांतल्या एकाला मलेरिया झाल्याचं निघालं. त्यांचे वरिष्ठ आयझेनहॉवर यांनी पॅटनना कडक समज दिली आणि माफी मागायला लावली. एवढा अनुभवी सेनानी समोरच्या माणसाचा ताप ओळखू शकला नाही, कारण त्याला त्यात फक्त स्वतःच्या सैन्याची बेअब्रू दिसत होती.

आणि आपला हुकूम तपासा. तो कायदेशीर होता का? दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्यांनंतर ‘वरून आदेश होता’ एवढं म्हणून सुटता येत नाही, हे जगभर मान्य झालं आहे. तेव्हा बेकायदा हुकूम नाकारणारा सैनिक अवज्ञा करत नाही, तो कर्तव्य करतो. असे प्रसंग क्वचित येतात, पण आले तर शरम त्याला वाटायला नको.

एवढं सगळं करूनही काही जण जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा हुकूम मोडतात. त्यांच्यासाठी समुपदेशन नाही, कायदा आहे, आणि तो न कचरता वापरावा. फक्त तिथवर पोचताना आपला राग वाटेत उतरलेला असावा.

मेजर त्या जवानाशी बोलले. काय बोलायचं याची आम्ही तयारी केली होती; दोनच वाक्यं ठरवली होती. “तू हुकूम मोडलास, त्याची शिक्षा झाली, तो विषय संपला. आता त्या दिवशी काय झालं होतं ते मला सांग.”

जवान आधी काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “साहेब, चौथी रात्र होती.”

ड्यूटीच्या यादीत सलग तीन रात्री त्याचं नाव लागलं होतं. सेक्शनमधल्या (प्लाटूनमधल्या त्याच्या छोट्या गटातल्या) एकाला हवालदार सांभाळून घ्यायचा आणि त्याच्या वाटची रात्र याच्यावर यायची. याने हवालदाराला दोनदा सांगितलं होतं. वर काहीच पोचलं नव्हतं. चौथ्या संध्याकाळी तो रांगेत उभा होता तेव्हा त्याला धड शब्दही फुटत नव्हते, म्हणून एवढंच बोलला.

पुढच्या भेटीत मेजर आले ते अपराधी चेहऱ्याने. “शिक्षा मागे घ्यायला सांगू का?”

“त्याने हुकूम मोडला होता की नाही?”

“मोडला होता.”

“मग राहू द्या. यादी सुधारा.”

हे त्यांना निष्ठुर वाटलं. मला वाटत नाही. गाऱ्हाणं खरं निघालं म्हणून शिक्षा रद्द झाली असती, तर तुकडी एवढंच शिकली असती, की वरपर्यंत पोचायचं तर हुकूम मोडावा लागतो. शिक्षा राहिली आणि यादी बदलली, तेव्हा तोंड उघडण्याची वेगळी वाट आहे, हे सर्वांना दिसलं. मेजरनी आठवड्यातून एकदा कुठल्याही जवानाने थेट येऊन बोलावं अशी वेळ ठरवली आणि ड्यूटीची यादी स्वतः पाहायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही. नंतर येऊ लागले.

पिठ्ठूबद्दलही ते प्लाटूनशी बोलले. लांबलचक माफी नाही. “एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना पळवणं योग्य नव्हतं, ते पुन्हा होणार नाही,” एवढंच. “डोक्यावर बसले का?” असं मी नंतर विचारलं. कामं वेळेवर होऊ लागली होती.

राहिला हवालदार. मेजरना त्याला सर्वांसमोर फैलावर घ्यायचं होतं, आणि तो राग मला ओळखीचा वाटला. ज्या हवालदाराच्या शब्दावर उद्या सेक्शनने चालायचं आहे, त्याला त्याच सेक्शनसमोर लहान करून चालत नाही, असं मी त्यांना सांगितलं. दार लावून, यादी समोर ठेवून बोला. गाऱ्हाणं दडवलं ही चूक त्याच्या नोंदीत जाऊ द्या, आणि हात उगारलेला असताना तो मध्ये आला, त्याबद्दल आभारही त्याच बैठकीत माना. मेजरनी दोन्ही केलं. हवालदाराने चूक कबूल केली. आभार मात्र त्याला पेलवले नाहीत, असं मेजर म्हणाले.