सँ-झिलमधले चार मजली घर घेण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न मी दोन रात्री वाचला आणि दोन्ही वेळा उत्तर न देताच झोपले. पुढच्या जूनमध्ये तुम्ही पुण्याहून ब्रसेल्सला येत आहात, मुलगी आठ वर्षांची आहे, आणि नारायण पेठेतल्या वाड्याचा हिस्सा नुकताच हाती आल्यामुळे भाड्याने राहण्याऐवजी सँ-झिल भागातले 1906 साली बांधलेले चार मजली घर लगेच विकत घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. जाहिरातीत ‘प्रशस्त, ऐतिहासिक, गजबजलेल्या वस्तीत’ असे म्हटले आहे, आणि तळमजल्यावरची बागेकडची खोली सासूबाईंना होईल, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. त्या शेवटच्या वाक्यामुळेच मी हे लिहायला बसले आहे.

व्हिसा, विमा, भारतातून पैसे पाठवण्याची मर्यादा यांविषयी मी काही सांगणार नाही, कारण ती माहिती दूतावास आणि रिझर्व्ह बँक यांच्याकडे माझ्यापेक्षा नेमकी मिळेल. मात्र एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आम्ही 2011 साली इथे आलो, 2014 साली असेच घर घेतले आणि या महिन्यात ते विकायला काढले आहे. आमच्या जाहिरातीतही जवळजवळ हेच शब्द आहेत. त्यामुळे माझे सांगणे तटस्थ नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचा.

ही घरे सुंदर असतात, यात शंका नाही. इथे त्यांना ‘मेझाँ द मेत्र’, म्हणजे मालकाचे घर, म्हणतात. रस्त्याकडची रुंदी जेमतेम सहा मीटर, पण आत शिरले की एकामागे एक तीन दालने, साडेतीन मीटरच्या वर छत, संगमरवरी शेकोट्या, रंगीत सिमेंटच्या फरश्या आणि ओकचा जिना. दाराशेजारी भिंतीत बूट खरवडण्यासाठी लोखंडी पट्टी बसवलेली असते, आणि पदपथाच्या पातळीवर तळघरात कोळसा ओतण्याची झडप असते. नामांकित बेल्जियन वास्तुकार व्हिक्टर होर्टा यांचे राहते घर याच सँ-झिलमध्ये आहे. 1898 ते 1901 या काळात बांधलेले ते घर आज संग्रहालय आहे आणि 2000 सालापासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. ते पाहून आलेल्या माणसाला असे घर आपले असावे असे वाटले नाही तरच नवल. मी वाईच्या वाड्यात वाढले. जाड भिंती, लाकडाचा वास आणि पावलांखाली करकरणारी पायरी एवढ्यावरच माझा निर्णय झाला होता, हे आज कबूल करते.

पण वाडा चौकाभोवती आडवा पसरतो. स्वयंपाकघरातून हाक मारली की ती सोप्यावर ऐकू जाते. इथले घर उभे असते. मूळ रचनेत स्वयंपाकघर अर्धे जमिनीखाली, बैठक त्याच्या वर आणि निजण्याच्या खोल्या त्याहून वर असल्यामुळे घरातली चार माणसे चार पातळ्यांवर राहतात आणि कोणाची हाक कोणाला ऐकू येत नाही. तीन दालनांपैकी मधल्या दालनाला स्वतःची खिडकीच नसते. तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी भरदुपारीही दिवा लावावा लागतो. पहिल्या भेटीत दलाल सगळे दिवे लावून ठेवतो, म्हणून दुसऱ्या भेटीत ते मालवायला सांगा.

वस्तीबद्दल तुम्ही फारशी काळजी करू नये, असे मला वाटते. पार्व्ही चौकातला बाजार, त्याभोवतीची पोर्तुगीज आणि मोरोक्कन माणसांची दुकाने, उतारावरून खाली मिदी स्थानकाजवळ दर रविवारी भरणारा मोठा बाजार आणि तिथल्या कोथिंबिरीच्या व पुदिन्याच्या जुड्या यांनी मला जितका धीर दिला तितका दुसऱ्या कशानेही दिला नाही. डाळी आणि मसाले शेजारच्या इक्सेलमध्ये, वाव्र रस्त्यावरच्या दुकानांत मिळतात. उन्हाळ्यात चौकातला गलका मध्यरात्रीपर्यंत चालतो. ज्यांना झोप लवकर लागते त्यांनी रस्त्याकडची खोली घेऊ नये, एवढेच.

एकटेपणाविषयीही तुम्ही विचारले आहे. तो पहिल्या हिवाळ्यात येतो, दुसऱ्या हिवाळ्यात त्याची सवय होते. याहून अधिक त्याविषयी सांगण्यासारखे माझ्याकडे नाही.

कागदपत्रांविषयी मात्र सविस्तर सांगते, कारण तिथे माझे हात पोळले आहेत. आपल्याकडे तोंडी बोलणी होतात, मग इसार दिला जातो, मग साठेखत आणि शेवटी खरेदीखत होते, आणि मधल्या कोणत्याही टप्प्यावर माणूस मागे फिरू शकतो अशी आपली समजूत असते. बेल्जियममध्ये तुम्ही लेखी देकार सही करून दिला आणि विक्रेत्याने तो मान्य केला, की कायद्याच्या दृष्टीने सौदा झाला. म्हणून ‘कर्ज मंजूर झाले तरच’ ही अट त्या पहिल्या कागदावरच लिहिलेली असली पाहिजे. त्यानंतर ‘कोंप्रोमी’ नावाचा करार होतो, तेव्हा साधारणपणे दहा टक्के रक्कम भरायची असते, आणि पुढच्या चार महिन्यांत नोटरीसमोर खरेदीखत होते. इथला नोटरी म्हणजे आपल्या कचेरीबाहेर शिक्का मारणारा नोटरी नव्हे. तो सरकारने नेमलेला कायदेपंडित असतो आणि खरेदीदाराला आपला स्वतंत्र नोटरी घेता येतो. तो अवश्य घ्या. ब्रसेल्समध्ये नोंदणी शुल्क साडेबारा टक्के आहे. राहत्या घरासाठी पहिल्या 2 लाख युरोंवर सूट मिळते खरी, पण घराची किंमत 6 लाखांच्या वर गेली की ती मिळत नाही, आणि तुम्ही सांगितलेले घर त्याच्या बरेच वर आहे. बँक हे शुल्क कर्जात धरत नाही, म्हणून वाड्याच्या पैशांतला मोठा वाटा भिंतींवर खर्च होण्याआधीच संपेल.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे नगरपालिकेकडून मिळणारी बांधकामाची माहिती. शंभर वर्षांत अशा घरांचे अनेकांनी तुकडे केले, मागच्या अंगणावर छत टाकले, एका कुटुंबाच्या घराचे चार बिऱ्हाडांत रूपांतर केले, आणि त्यातले पुष्कळसे परवानगीशिवाय झाले. हे उल्लंघन विक्रीनंतर नव्या मालकाच्या माथी येते. आमच्या घरामागची न्हाणीघराची खोली 1960च्या दशकात कोणीतरी विनापरवाना बांधलेली निघाली. ती नियमित करून घेण्यासाठी आम्हांला अडीच वर्षे लागली. तीन वेळा नकाशे काढले, दोन वेळा तीच फाइल ‘अपूर्ण’ म्हणून परत आली, आणि अपूर्ण काय आहे हे सांगणारे माणूस दर वेळी रजेवर असे. शिवाय 1932पूर्वीची घरे इथे बराच काळ सरसकट वारसा मानली जात, त्यामुळे रस्त्याकडच्या खिडक्यांची एकेरी काच बदलण्यासाठीही आम्हांला परवानगी मागावी लागली. ती येईपर्यंत दोन हिवाळे आम्ही पडद्यांमागे रजया टांगून काढले. तुमच्या घराच्या ऊर्जा-दाखल्यावर शेवटची, म्हणजे ‘जी’ श्रेणी आहे. 2022च्या हिवाळ्यात वायूचे दर चढले तेव्हा अशा घरात राहणे काय असते, ते आम्ही एकाच खोलीत शेकोटीजवळ बसून अनुभवले.

आणि नावे. तुमच्या बाबतीतही हे होणार, म्हणून आतापासून तयारी करा. बेल्जियममध्ये लग्नानंतरही स्त्रीची सगळी नोंद जन्माच्या नावानेच होते. माझ्या जन्मदाखल्यावर माहेरचे नाव होते, पारपत्रावर सासरचे, आणि लग्नात पहिले नावही बदललेले असल्यामुळे दोन्ही कागदांत एकही शब्द सारखा नव्हता. कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या बाईंनी अगदी सौजन्याने विचारले, की ही दुसरी स्त्री कोण? मुलाच्या नावामधले वडिलांचे नाव त्यांनी त्याचे दुसरे पाळण्यातले नाव म्हणून नोंदवले, आणि शाळेत कित्येक महिने त्याला वडिलांच्याच नावाने हाक मारली जात होती. राजपत्रातल्या नावबदलाची प्रत, विवाहाचा दाखला, जन्मदाखला, सगळ्यांवर आपोस्तीय, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून घ्यायचा सरकारी शिक्का, आणि इथल्या शपथबद्ध अनुवादकाचे भाषांतर, एवढे जमवीपर्यंत आमचे खरेदीखत पाच आठवडे लांबले. ही सगळी कागदपत्रे पुण्यातून निघण्यापूर्वी, मूळ प्रतींसह, बरोबर घ्या.

आता शाळेबद्दल. ब्रसेल्समध्ये फ्रेंच शाळा वेगळ्या आणि डच शाळा वेगळ्या. डच शाळांत ज्यांच्या आईवडिलांपैकी एकाला ती भाषा येते त्या मुलांना आधी घेतात, म्हणून आपली मुले बहुधा फ्रेंच शाळेत जातात. माझा मुलगाही इथे आला तेव्हा आठ वर्षांचाच होता. वाईला तो वर्गात पाढे सर्वांत आधी म्हणत असे. इथे पहिले सात महिने तो वर्गात एक शब्दही बोलला नाही. वर्षाअखेर त्याला त्याच इयत्तेत ठेवले. मग शिक्षिकेने आम्हांला बोलावून सांगितले, की घरी फ्रेंच बोला, नाहीतर तो मागेच राहील. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आम्ही दोघांनी मोडकेतोडके फ्रेंच बोलायला सुरुवात केली, आणि पुढची तीन वर्षे मी माझ्या मुलाशी माझ्या भाषेत बोलले नाही. त्याला झोपवतानासुद्धा मी चुकीच्या व्याकरणाची फ्रेंच वाक्ये जुळवत असे.

माध्यमिक शाळेत इथे वर्षाअखेर ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ असा दाखला मिळतो. ‘सी’ म्हणजे नापास, हे सर्वांना कळते. ‘बी’ म्हणजे उत्तीर्ण, पण काही शाखा बंद. त्याला तिसऱ्या वर्षी ‘बी’ मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले, कारण तो पास झाला आहे एवढेच आम्हांला समजले होते. सामान्य, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या, शाखेचे दार त्या दिवशी बंद झाले, हे सप्टेंबरमध्ये समजले. वर्षाअखेरच्या निर्णयावर दाद मागता येते, पण तिची मुदत थोड्याच दिवसांची असते. ती तारीख शाळेला आधी विचारून ठेवा. माझा मुलगा आज 22 वर्षांचा आहे, शीतकरण यंत्रणांचे काम करतो, चांगले कमावतो आणि समाधानी आहे. सल मलाच आहे, त्याला नाही. त्याला मराठी सगळे कळते, पण उत्तर तो फ्रेंचमध्ये देतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत शाळेने असा सल्ला दिला तर शिकवणी लावा, सुट्टीतले भाषावर्ग लावा, पण घरातली भाषा बदलू नका. हे मी कोणत्याही तज्ज्ञाच्या आधाराने सांगत नाही.

आता तळमजल्यावरच्या खोलीकडे येते. आम्हीही तशीच खोली आईबाबांसाठी ठेवली होती. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या, पलंग बुटका घेतला, बागेकडे तोंड करून देवघर केले. त्या खोलीसाठीच आम्ही तीन खोल्यांचे घर सोडून चार मजल्यांचे घेतले आणि कर्ज पाच वर्षांनी लांबवले. खरेदीखत झाल्यावर मी वकिलांना विचारले, ते आधी विचारायला हवे होते. सज्ञान मुलांनी आपल्या आईवडिलांना कायमचे इथे आणण्याची तरतूद आपल्यासारख्या नोकरीसाठी आलेल्यांना नाही, आणि बेल्जियमचे नागरिकत्व घेतल्यावरही ती मिळत नाही. भेटीचा व्हिसा मिळतो, तो 180 दिवसांत 90 दिवसांचा. आई दोनदा आली. दोन्ही वेळा ती त्या खोलीत खिडकीशी बसून असे, कारण वरचे मजले तिला चढवत नसत आणि आम्ही संध्याकाळी वरच असू. मी रागावून तिला म्हणाले होते, की तुझ्यासाठी एवढे घर घेतले आणि तुला इथे करमत नाही. ती 2019 साली वाईला वारली. शेवटच्या आठवड्यात फोनवर ती नातवाशी बोलत होती आणि तो फक्त ‘हो, आजी’ म्हणत होता. त्याला अधिक काही म्हणायचे होते, ते त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होते.

म्हणून माझे मत असे, की पहिले एक शालेय वर्ष भाड्याने राहा. मुलगी कोणत्या शाळेत रुळते ते पाहा, नोकरीचा परवाना एका मालकाशी बांधलेला असतो तोवर मोठे कर्ज अंगावर घेऊ नका, आणि सासूबाई किती दिवस येऊ शकतील याचे उत्तर कायद्याकडून आणि स्वतः त्यांच्याकडून, दोन्हीकडून घ्या. त्यानंतरही हेच घर हवे असेल तर घ्या. असे दुसरे घर मिळणार नाही, ही भीती बाळगू नका. त्या काळात बांधलेल्या अशा घरांच्या रांगाच्या रांगा या शहरात आहेत.

गेल्या शनिवारी एक जोडपे आमचे घर पाहायला आले होते. जिना, शेकोट्या, छतावरची नक्षी सगळे त्यांना आवडले. तळमजल्यावरच्या बागेकडच्या खोलीत बाईंनी भिंतीवरच्या दांड्यांना हात लावून पाहिला आणि इथे कोण राहत होते, असे विचारले. मी ‘पाहुण्यांची खोली आहे’ असे सांगितले.