न्यूक्लिओ बोर्ड आणलाय, आता सुरुवात कुठून करू?

शिरपूरहून तुम्ही विचारलंय: कॉलेजात ८०५१ हा जुना मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी प्रोग्रामची चिप) झालाय, प्रोजेक्टसाठी एसटी कंपनीच्या एसटीएम३२ चिपचा न्यूक्लिओ एफ४०१आरई बोर्ड आणलाय, वडिलांच्या केळीत ओलावा मोजून ठिबकची मोटार चालवायची आहे, तर आधी सेन्सर जोडू की कोड शिकू?

आधी नुसता बोर्ड आणि लॅपटॉप घेऊन बसा. बाहेरची एकही वायर लावू नका. मी जळगावला पंपाच्या कंट्रोलरचंच काम करतो, आणि नवीन येणाऱ्या पोरांनाही सेन्सर उशिराच देतो.

बोर्ड नीट पाहिलात तर त्याचे दोन भाग दिसतील. यूएसबीकडचा छोटा भाग म्हणजे एसटी-लिंक, प्रोग्राम चढवणारा आणि आत डोकावू देणारा. मधे खाचा आहेत, तो तोडून वेगळाही करता येतो. (तोडू नका.) तुमची चिप खालच्या मोठ्या भागावर आहे. केबल मिनी-बी लागते, जुन्या कॅमेऱ्यांना यायची ती. घरात सापडलेली केबल फक्त चार्जिंगची असेल तर बोर्डावरच्या छोट्या दिव्यांपैकी एलडी१ लाल लुकलुकत राहतो आणि एलडी३ पेटतच नाही. असं दिसलं की ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसू नका, केबल बदला. सगळं ठीक असेल तर कोऱ्या बोर्डावर कंपनीचा प्रोग्राम आधीच असतो: हिरवा एलडी२ लुकलुकतो आणि निळं बटण दाबलं की त्याचा वेग बदलतो.

आता ८०५१ वाला हमखास अडकतो ती जागा. तिथे पोर्टला शून्य-एक लिहिलं की पिन हलायची. इथे रिसेटनंतर पोर्ट ए, बी, सी (पिनांचे गट) सगळे बंद असतात. वीज वाचावी म्हणून त्यांना क्लॉकच, म्हणजे चालायला लागणारा ठोकाच, दिलेला नसतो. डीपीवरचा फ्यूज काढलेला असताना शेतात स्टार्टरचं बटण दाबत बसावं, तसं होतं. तुम्ही रजिस्टरमध्ये (चिपच्या आतल्या सेटिंगच्या खणात) लिहिता, एरर येत नाही, आणि होत मात्र काहीच नाही. एलडी२ हा पीए५ पिनवर आहे. आरसीसीच्या (क्लॉक वाटणाऱ्या भागाच्या) एएचबी१ईएनआर रजिस्टरमधला ० क्रमांकाचा बिट १ केला की पोर्ट ए जागा होतो. मग जीपीआयओएच्या, म्हणजे पोर्ट एच्या, मोडर रजिस्टरमध्ये ११ आणि १० या बिटांत ०१ लिहिलं की पीए५ आउटपुट होते, आणि त्याच्याच ओडीआर रजिस्टरचा ५ क्रमांकाचा बिट १ केला की दिवा लागतो. एसटीएम३२ क्यूबएमएक्स हे कंपनीचं सॉफ्टवेअर हे सगळं आपोआप लिहून देतं. पुढे तेच वापरा, पण एकदा तरी या तीन ओळी हाताने लिहा. रजिस्टरांची माहिती आरएम०३६८ मध्ये आणि बोर्डाची यूएम१७२४ मध्ये आहे, दोन्ही पीडीएफ कंपनीच्या साइटवर फुकट मिळतात. क्यूबने दिलेल्या फाइलमध्ये तुमचा कोड ‘यूझर कोड बिगिन’ आणि ‘यूझर कोड एंड’ यांच्या मधेच ठेवा. बाहेर लिहिलेलं पुढच्या वेळी कोड बनवताना पुसलं जातं.

माझ्या मते या बोर्डावर तुम्ही पैसे मोजलेत ते डीबगरचे, म्हणजे चालू प्रोग्राम थांबवून आत पाहू देणाऱ्या सोयीचे, आणि यूट्यूब बघून शिकणारे नेमका तोच वापरत नाहीत. क्यूबआयडीई या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये डीबगचं बटण दाबलं की प्रोग्राम मेन या मुख्य फंक्शनच्या सुरुवातीला थांबतो. तो अडकलेला नसतो, एफ८ दाबला की पुढे पळतो. पण लगेच पळवू नका. रजिस्टरं दाखवणारी एसएफआर नावाची खिडकी उघडा, त्यात जीपीआयओए उघडून ओडीआर समोर ठेवा, आणि एफ६ ने एकेक ओळ पुढे जा. तुमची ओळ झाली की तो बिट बदलतो आणि त्याच क्षणी बोर्डावर दिवा लागतो. आता क्लॉकची ओळ मुद्दाम काढून हेच करा. बिट हलणारच नाही. पुढे सेन्सर बोलेनासा झाला की चूक वायरीत आहे की कोडात, हे याच खिडकीत कळतं.

सीरियलसाठी, म्हणजे बोर्डाचा मजकूर लॅपटॉपवर पाहायला, वेगळं मॉड्यूल घेऊ नका. यूएसएआरटी२ ही सीरियलची लाइन म्हणजे पीए२ आणि पीए३, ती एसटी-लिंकमधून त्याच केबलवर येते. लॅपटॉपवरच्या पुटी या प्रोग्राममध्ये बॉड रेट (पाठवण्याचा वेग) ११५२०० लावा. अगम्य अक्षरं आली तर बॉड रेट किंवा क्लॉकची सेटिंग जुळत नाही असं समजा.

मग सेन्सर. पीए० वर, म्हणजे बोर्डावरच्या ए० वर लावा, ० ते ४०९५ असा आकडा मिळेल. इथला व्यवहार ३.३ व्होल्टचा आहे. बऱ्याच पिना डिजिटलला ५ व्होल्ट सोसतात, पण अॅनालॉगला ती सूट नाही. सेन्सरचं आउटपुट आधी मीटरवर मोजा, मगच पिनला लावा.

मोटार चालू-बंद करणाऱ्या रिलेबद्दल मात्र सक्त सांगतो. बाजारातल्या त्या निळ्या रिलेवर २५० व्होल्ट लिहिलेलं असतं, आणि थ्री-फेज स्टार्टरची कॉइल सहसा ४१५ ची असते. थेट जोडू नका. मधे योग्य व्होल्टेजचा कॉन्टॅक्टर (मोठा, विजेने चालणारा स्विच) घ्या आणि ती जोडणी तुमच्या गावच्या वायरमनकडून करून घ्या. कॉलेजच्या डेमोला मोटारीऐवजी बल्ब लावला तरी मार्क तेवढेच मिळतात.

शेतावर लॅपटॉप नसेल, तेव्हा बोर्डावरचा जेपी१ हा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढलेला आहे ना ते पाहा, जेपी५ चा जंपर ई५व्ही बाजूला करा आणि ई५व्ही पिनला चांगल्या अॅडॉप्टरचे ५ व्होल्ट द्या. शेतीच्या फीडरला लाइट कधी दिवसा, कधी रात्री. ती आली की प्रोग्राम पहिल्या ओळीपासून सुरू होतो, म्हणून सुरुवातीलाच मोटार बंद ठेवा, मिनिटभर थांबा, ओलावा दोन-तीनदा वाचा, आणि मगच रिलेला हुकूम द्या.