आर्गॉन वेल्डिंगचं मशीन घरी जुळवताना

प्रश्न : आम्ही आठ फॅब्रिकेशनवाले मिळून आर्गॉन वेल्डिंगचं (टिग) एक सामायिक मशीन जुळवतोय. मुख्य काम एस.एस. (स्टेनलेस स्टील) रेलिंगचं. जुना एसी वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर पडून आहे. त्याला डायोडचा ब्रिज (एसीचा डीसी करणारी जोडणी) लावला तर चालेल का? — एक वाचक, कराड

उत्तर : नुसत्या ब्रिजवर नाही. ब्रिजनंतरही करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यापाशी येतो. टिगला रॉडसारखं फ्लक्सचं आवरण नसतं, म्हणून कमी अँपिअरवर आर्क विझत राहतो. तो टिकवायला करंटचे चढउतार सपाट करणारा जाड वाइंडिंगचा चोक हवा; त्याचं तांबं, लोखंड आणि मोठे डायोड यांची बेरीज केली की ट्रान्सफॉर्मर फुकटचा राहत नाही. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर मात्र या कामात आणूच नका, त्याचा 2000 व्होल्ट जीव घेतो.

आमच्या मते साधं डीसी इन्व्हर्टर आर्क मशीन (रॉड वेल्डिंगचं) घ्या आणि बाकीचं स्वतः जोडा. टॉर्च 17-व्ही घ्या, म्हणजे गॅसचा व्हॉल्व्ह हातातच येतो. करंटची केबल आणि गॅसची नळी वेगळी निघणारा नमुना बघा, कारण आर्क मशीनला गॅसचं सॉकेट नसतं. केबलची पिन 9 मिमीची आहे की 13 मिमीची, हे मशीनवर मोजूनच घ्या.

टॉर्च निगेटिव्हला, अर्थ क्लॅम्प पॉझिटिव्हला. उलटं जोडलं तर बहुतेक उष्णता टंगस्टनमध्ये (टॉर्चमधल्या आर्क देणाऱ्या काडीत) जाते आणि टोकाचा गोळा होतो. करंट आपोआप वाढवणारी हॉट स्टार्ट आणि आर्क फोर्सची बटणं असतील तर शून्यावर ठेवा.

दीड मिमी पाइपला 1.6 मिमीचं लँथनम टंगस्टन, 308-एल फिलर (जोडात भरायची एस.एस. तार), 50 अँपिअरपासून सुरुवात. लाल पट्टीचं थोरिएटेड टंगस्टन किरणोत्सारी असतं. सामायिक शेडमध्ये त्याची भुकटी नको. टोक पेन्सिलीसारखं करा, पण ग्राइंडरच्या रेघा लांबीच्या दिशेनं याव्यात. आडव्या आल्या की आर्क भरकटतो. आर्क तांब्याच्या तुकड्यावर घासून पेटवा आणि मग जॉबवर न्या.

सगळ्यात जास्त चूक शेवटी होते. या जुगाडात आर्क टॉर्च उचलूनच तुटतो, म्हणून जॉबच्या कडेला भंगार पट्टी लावून तिच्यावर संपवा. नाहीतर वेल्डच्या शेवटी पडणाऱ्या खड्ड्याला तडा जातो. त्यानंतर आठ-दहा सेकंद व्हॉल्व्ह उघडाच ठेवा. टंगस्टन चकचकीत राहिलं तर ठीक, निळं-काळं पडलं तर गॅस लवकर बंद झाला. वेल्डच काळा, भुसभुशीत येत असेल तर आधी पंखा बंद करा, मग नळीचे जोड साबणाच्या पाण्यानं तपासा.

गटाला खरा फायदा सिलिंडरमध्ये आहे. 7 घनमीटरचा सिलिंडर मिनिटाला 8 लिटर प्रवाहानं साधारण साडेचौदा तास आर्क देतो. प्रत्येकाचं काम वहीत मिनिटांत नोंदवा; पैशांची वाटणी त्यावर सहज होते. सिलिंडर साखळीनं बांधा. आर्गॉन हवेपेक्षा जड असतो, खाली साचून श्वासाची हवा हटवतो, तेव्हा बंद खोलीत काम नको.

प्रश्न : कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो. तो चालेल? — सोलापूर

उत्तर : नाही. टंगस्टन क्षणात जळतं. मिगचा (तार आपोआप पुढे येणाऱ्या वेल्डिंगचा) मिश्र गॅसही नको.

प्रश्न : याच मशीनवर ॲल्युमिनियम? — मालवण

उत्तर : या जोडणीवर नाही. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, वरचा ऑक्साइड 2000 च्या पुढे. तो फोडायला एसी टिग लागतं. ते तयारच विकत घ्या.