घाट वगळला तर

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

ज्या घाटासाठी इतकी तयारी केलीस, तोच हवामानामुळे ऐनवेळी वगळला म्हटल्यावर राग येणारच. पण सायकल शर्यतींच्या या धंद्यात राहायचं ठरवलं आहेस, तर असे दिवस पुन्हा येणार. रोडबुकमधला, म्हणजे शर्यतीच्या मार्गपुस्तिकेतला मार्ग खराब हवेत आयोजकांचा नुसता बेत असतो, तेव्हा तुझाही बेत बदलता येईल असाच हवा.

२६ जुलै २०१९ चा टूर द फ्रान्सचा टप्पा पुन्हा एकदा नीट बघ. शेवटची रेषा तीन्यच्या चढावर होती. एगन बर्नालने मात्र त्याच्या आधीच्या, २७७० मीटर उंचीच्या इझेरान खिंडीच्या चढावरच हल्ला चढवला. खिंडीपलीकडे गारांचा खच आणि रस्त्यावर दरड. सगळ्यांना उतारावरच थांबवलं आणि वेळ धरली ती इझेरानच्या माथ्यावरची. आलाफिलिपची पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असल्याची खूण, बर्नालकडे गेली, टप्प्याला विजेता कोणीच नाही. माथ्यावर मागे पडलेल्यांना उतारावर ते अंतर भरून काढायची संधीच मिळाली नाही. पुढे काय वाढून ठेवलंय हे बर्नाललाही ठाऊक नव्हतं म्हणा. तरी पलीकडच्या खोऱ्यात ढग दाटलेले असताना पायात ताकद असेल, तर ती शेवटच्या चढासाठी राखून ठेवू नकोस.

टप्पा छोटा केला म्हणजे सोपा केला, असंही समजू नकोस. २०२३ च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या मोठ्या शर्यतीत, क्रां-मोंटानाचा टप्पा जेमतेम ७५ किलोमीटरवर आणला होता. अशा दिवशी अंग गरम व्हायला रस्ता उरत नाही, म्हणून सुरुवातीआधी रोलरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या साधनावर) घाम काढ.

थंडीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथेच सगळ्यांचं नुकसान होतं. चढताना घामाने भिजलेलं अंग उतारावर वाऱ्याने गारठतं. बोटं बधिर झाली की ब्रेक ओढता येत नाही, जॅकेटची चेनही लागत नाही आणि खिशातला खायचा जेल खिशातच राहतो. म्हणून जॅकेट आणि कोरडे ग्लोव्ह्ज माथ्याच्या आधीच चढवायचे, खायचंही चढावरच. १९८८ च्या जिरोत गाविया घाटावर बर्फ पडत होता. माथ्यावर पहिला पोचलेला वान देर वेल्डे उतारावर असा गारठला की पाऊण तासाहून जास्त वेळ गमावून बसला. अँडी हॅम्पस्टेनच्या संघाने गरम कपड्यांची तजवीज आधीच केली होती. त्या दिवशी जिरोतल्या आघाडीची गुलाबी जर्सी हॅम्पस्टेनला मिळाली, पुढे जिरोही त्यानेच जिंकला. लोक त्या दिवसाच्या शौर्यकथा सांगतात. मला त्यात कपड्यांची पिशवी दिसते.

आता निर्णयाचं. २०१६ पासून यूसीआयचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा, अतिहवामानाचा नियम आहे. बर्फ, गोठणारा पाऊस, सोसाट्याचा वारा, टोकाचं तापमान, धुकं असं काही असलं की आयोजक, कमिसेर (शर्यतीचे पंच), डॉक्टर, संघांचे आणि सायकलपटूंचे प्रतिनिधी एकत्र बसतात. मग मार्ग बदलणं, काही भाग न्यूट्रल करणं (तिथे शर्यत न धरणं) किंवा टप्पाच रद्द करणं, सगळे पर्याय खुले असतात. तुला बोलायचं असेल तर आदल्या संध्याकाळी तुमच्या प्रतिनिधीशी बोल. २०२० च्या जिरोत मोर्बेन्यो ते आस्ती टप्प्याआधी सायकलपटू सकाळी पावसात अडून बसले. २५० किलोमीटरहून लांब टप्पा निम्म्यावर आला, पण आयोजक उघडपणे संतापले. मागणी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. वेळ मात्र चुकली.

रेडिओवरच्या अर्धवट निरोपावर तर अजिबात विसंबू नकोस. २०१४ च्या जिरोत स्टेल्व्हिओ घाटाचा उतार न्यूट्रल केलाय असा काहींचा समज झाला, क्विंताना पुढे निघून गेला आणि उरानची गुलाबी जर्सीही घेऊन गेला. वाद पुढे बराच चालला, निकाल तोच राहिला. शंका आली तर संघाच्या गाडीतून खातरजमा करून घे, तोवर समोरच्याचं चाक सोडू नकोस. उतार धोक्याचा वाटला तर ब्रेक तुझ्याच हातात आहेत, त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट बघायची नाही.

उन्हाचं तंत्र वेगळं आहे, ते पुढच्या पत्रात. तोवर एक काम कर: तुझी पावसाळी पिशवी संघाच्या कोणत्या गाडीत असते आणि त्यात कोरड्या ग्लोव्ह्जचे किती जोड आहेत, ते बघून मला कळव.

तुझा,
जुना प्रशिक्षक