वाचक विचारतात : नाव विसरलेला नायक

प्रश्न : माझ्या रहस्यकथेचा नायक पसरणी घाटात मोटारसायकलवरून पडतो आणि साताऱ्याच्या दवाखान्यात शुद्धीवर येतो, तेव्हा स्वतःचं नावही विसरलेला असतो. शेवटी डोक्याला पुन्हा मार बसून सगळं आठवतं. पटेल का?
– एक वाचक, वाई

उत्तर : दुसरा मार आधी काढून टाका. त्याने स्मृती परत येत नाही, मेंदूची इजा वाढते. डोक्याला मार बसला की सहसा पुसला जातो तो अपघाताच्या आगेमागेचा काळ. शिवाय नवं काही टिकत नाही. तोच प्रश्न दर पाच मिनिटांनी येतो. ‘माझी गाडी कुठंय?’ पुन्हा ‘माझी गाडी कुठंय?’ संवादाला हे सोनं आहे. नाव-गाव साफ विसरणं मात्र दुर्मीळ, आणि बहुधा मानसिक धक्क्यातून येतं. म्हणजे घाटात पडण्याआधी काहीतरी भयंकर घडलेलं हवं. तुमचं रहस्य तिथंच!

हातांची सवय शाबूत ठेवा. क्लच कसा सोडायचा ते त्याला आठवेल.

ओळख पटवायला पोलिसांना थेट आधारचे ठसे मिळवून देऊ नका; २०१६ चा कायदा ते देऊ देत नाही. त्यापेक्षा नवं आधार काढायला न्या. ठसे आधीच नोंदलेले असल्याने अर्ज फेटाळला जातो, आणि धागा सापडतो.